मनातला प्रश्न आणि काउंटरवरचा प्रश्न

विद्यापीठाच्या ग्रंथालयात एक विद्यार्थिनी देवघेव काउंटरपाशी येते आणि विचारते, “सर, स्त्रीशिक्षणावर काही मिळेल का?” काउंटरवरचा कर्मचारी संगणकावर ‘स्त्रीशिक्षण’ टाइप करतो, पुस्तकांची लांबलचक यादी निघते, तो दालनाचा आणि कपाटाचा क्रमांक चिठ्ठीवर लिहून देतो. संध्याकाळी ती चार जाडजूड पुस्तकं चाळून, परत ठेवून रिकाम्या हातानं वसतिगृहावर जाते. तिला स्त्रीशिक्षणाचा सर्वसाधारण इतिहास नकोच होता. 1900 ते 1930 या काळात सातारा जिल्ह्यात मुलींच्या शाळा किती होत्या, त्या कोण चालवत होतं आणि मुली मधूनच शाळा का सोडत होत्या, हे तिला शोधायचं होतं.

कुठल्याही विद्यापीठात रोज घडू शकेल असा हा प्रसंग आहे. त्यातली वाईट वाटावी अशी गोष्ट ही, की तिच्या प्रश्नाला उत्तरं आहेत. मुंबई प्रांताच्या शिक्षण खात्याचे वार्षिक अहवाल आहेत. 1901, 1911 आणि 1921च्या जनगणनेतले साक्षरतेचे जिल्हावार तक्ते आहेत. मागची पार्श्वभूमी समजून घ्यायला 1885 साली निघालेला साताऱ्याचा गॅझेटियर आहे. ‘मनोरंजन’सारखी मासिकं आहेत, मुंबईचं पुराभिलेखागार आहे, जिल्ह्यातली जुनी नगरवाचनालयं आहेत. “कुठल्या भागातल्या आणि कुठल्या काळातल्या मुलींबद्दल शोधताय?” एवढं एक विचारलं असतं तर तिचे कित्येक दिवस वाचले असते. असं विचारणं ही कुणाची जन्मजात देणगी नसते. ते शिकवता येतं, हे दीडशे वर्षांच्या अनुभवानं दाखवून दिलं आहे. आपल्या विद्यापीठांत मात्र ग्रंथालय कर्मचाऱ्यांना बाकी पुष्कळ शिकवलं जातं आणि हेच राहून जातं.

या विचाराची सुरुवात 1876 सालची. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात वूस्टर नावाच्या गावी सॅम्युएल स्वेट ग्रीन हे सार्वजनिक ग्रंथालयाचे ग्रंथपाल होते. त्या वर्षी फिलाडेल्फियात ग्रंथपालांची मोठी परिषद भरली आणि अमेरिकन ग्रंथालय संघटनेचा जन्म झाला. तिथे ग्रीन यांनी ग्रंथपाल आणि वाचक यांच्यातल्या वैयक्तिक संबंधांवर निबंध वाचला. वाचकाच्या हातात नुसती सूची देऊन भागत नाही, त्याच्याशी बोलून त्याला हवं ते शोधायला मदत केली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. गावातले कारागीर, शाळकरी मुलं, दुकानदार काय विचारत येतात याची उदाहरणं त्यांनी दिली. आठ वर्षांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात मेल्विल ड्यूई यांनी ही कल्पना उच्च शिक्षणात आणली आणि खास संदर्भसेवेसाठी माणसं नेमली. 1887 साली त्यांनी तिथेच ग्रंथालयशास्त्राची शाळा काढली.

तिथून धागा थेट बडोद्याला येतो. सयाजीराव गायकवाडांनी 1910 साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बडोद्यात बोलावून घेतलं. बोर्डन यांनी ड्यूईंच्या शाळेत शिकवलेलं होतं. 1911 साली बडोद्यात ग्रंथालय प्रशिक्षणाचा वर्ग सुरू झाला, तो भारतातला पहिला मानला जातो. 1915 साली लाहोरच्या पंजाब विद्यापीठात आसा डॉन डिकिन्सन यांनी विद्यापीठाच्या पातळीवर असा वर्ग घेतला. आणि मग मद्रास. गणिताचे प्राध्यापक शियाळी रामामृत रंगनाथन 1924 साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, लंडनला जाऊन हे शास्त्र शिकून आले आणि 1931 साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. वाचकाचा वेळ वाचवा, हा त्यातला चौथा. रंगनाथन म्हटलं की आपल्याकडे द्विबिंदू वर्गीकरण आठवतं, परीक्षेलाही तेच येतं. पण संदर्भसेवेवर त्यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. वर्गीकरण, तालिकीकरण ही सगळी खटपट शेवटी ज्या क्षणासाठी करायची, तो वाचक आणि ग्रंथ यांच्या गाठीचा क्षण, अशी त्यांची धारणा होती. त्यांचे वारसदार म्हणवणाऱ्या आपण त्यांचं वर्गीकरण घेतलं आणि ती धारणा मागे ठेवली, असं खेदानं म्हणावं लागतं.

माणूस आपला खरा प्रश्न थेट का विचारत नाही, याचं सर्वांत नेमकं उत्तर 1968 साली रॉबर्ट टेलर या अमेरिकन अभ्यासकानं दिलं. प्रश्नाच्या चार पायऱ्या असतात, असं त्यानं मांडलं. आधी नुसती हुरहुर असते, शब्दांत न मावणारी. मग ती मनात अस्पष्टपणे उमटते. तिसऱ्या पायरीवर तिचं नीट वाक्य होतं. आणि चौथ्या पायरीवर माणूस ते वाक्य ग्रंथालयाला झेपेल असं त्याला वाटतं तेवढं कापूनछाटून काउंटरवर ठेवतो. सातारच्या शाळांचं ‘स्त्रीशिक्षण’ होतं ते असं. आपल्याकडे त्यात संकोचाची भर पडते. “एवढंही माहीत नाही का?” असं कुणी म्हणेल, ही भीती गावाकडून आलेल्या, घरातून पहिल्यांदाच विद्यापीठात पोचलेल्या मुलामुलींना असते. गाइडला विचारायची सोय नसते म्हणून तर कित्येक जण ग्रंथालयात येतात. तिथेही कपाळावर आठी दिसली की ते पुन्हा येत नाहीत.

ही मदत कितपत बरोबर होते, हे मोजण्याचा प्रयत्न अमेरिकेत झाला आणि त्यानं तिथला व्यवसाय हादरला. 1986 साली पीटर हर्नन आणि चार्ल्स मॅक्ल्यूर यांनी विद्यापीठांच्या आणि सार्वजनिक ग्रंथालयांत साधे वाचक बनून लोक पाठवले. उत्तरं आधीच माहीत असलेले प्रश्न त्यांना विचारायला दिले होते. बरोबर उत्तरांचं प्रमाण निघालं सुमारे 55 टक्के. हा आकडा पुढे नियमासारखा सांगितला जाऊ लागला. त्यावर टीकाही झाली, आणि ती रास्त होती: असे प्रश्न छोटे, एका ओळीत उत्तर असलेले असतात, संशोधकाला लागणारी मदत त्या फूटपट्टीनं मोजता येत नाही. 2002 साली जॉन रिचर्डसन यांनी वेगळ्या पद्धतीनं तपासून संदर्भसेवेची कामगिरी याहून कितीतरी चांगली असल्याचं दाखवलं.

पण प्रशिक्षणाच्या दृष्टीनं 1980च्या दशकातच मेरिलँड राज्यात जे झालं ते 55 टक्क्यांच्या वादापेक्षा मोलाचं आहे. तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयांची अशीच गुप्त पाहणी झाली आणि नंतर उत्तर बरोबर येण्यामागे काय असतं, याचा शोध घेतला गेला. ग्रंथसंग्रह मोठा आहे का, कर्मचारी जास्त आहेत का, गर्दी कमी आहे का, यांनी फारसा फरक पडत नव्हता. फरक पडत होता तो काउंटरवरच्या माणसाच्या वागण्यानं. तो मान वर करून बघतो का, वाचकाचा प्रश्न स्वतःच्या शब्दांत परत सांगून खात्री करून घेतो का, एकच पुस्तक दाखवून थांबतो की दुसरं साधन उघडतो, आणि निरोप घेताना “हवं ते मिळालं का?” एवढं विचारतो का. हा शेवटचा प्रश्न तर सर्वांत प्रभावी ठरला. मग याच सवयींवर छोटी शिबिरं घेण्यात आली, सरावासाठी सहकाऱ्यांच्या जोड्या लावल्या गेल्या, आणि जिथे शिबिरानंतरही जोड्यांनी एकमेकांचं काम बघणं सुरू ठेवलं तिथे सुधारणा टिकली.

या निष्कर्षात गरीब विद्यापीठासाठी मोठा दिलासा आहे. पैसा नसला तरी मान वर करून बघता येतं.

अमेरिकन ग्रंथालय संघटनेच्या संदर्भसेवा विभागानं 1996 साली याच सवयींची मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि 2004 व 2013 साली ती सुधारली. आज जगभरच्या संदर्भसेवेच्या प्रशिक्षणात त्यांचा आधार घेतला जातो.

दुसरा प्रश्न येतो तो काउंटरवर कुणाला बसवायचं याचा. ब्रँडाइस विद्यापीठानं 1990च्या सुमारास एक धाडस केलं. तिथला पारंपरिक संदर्भ काउंटर बंद झाला. वाट दाखवणं, प्रिंटर चालू करून देणं, पुस्तक कुठे आहे ते सांगणं यासाठी माहितीच्या टेबलावर प्रशिक्षित पदव्युत्तर विद्यार्थी बसले आणि संदर्भ ग्रंथपाल शांत खोलीत बसून संशोधकांशी सवडीनं बोलू लागले. या पद्धतीवर बराच वाद झाला, तरी टेबलावरचा माणूस आणि खोलीतला तज्ज्ञ अशी विभागणी पुढे अनेक विद्यापीठांनी स्वीकारली. तिच्यातलं मर्म टेबलावरच्या माणसाच्या प्रशिक्षणात आहे. कुठला प्रश्न आपण सोडवायचा आणि कुठला आत पाठवायचा, हे त्याला ओळखता आलं पाहिजे. 2003 साली कार्नेगी मेलन विद्यापीठात बेला कार गेरलिक यांनी त्यासाठी सहा पायऱ्यांची एक मोजपट्टी तयार केली. “प्रसाधनगृह कुठे?” ही पहिली पायरी; कित्येक तास किंवा दिवस चालणारं संशोधनसाहाय्य ही सहावी. नुसते प्रश्न मोजले तर दोन्ही एकेकच भरतात. पायरी लिहून ठेवली की आपल्या ग्रंथालयात खरं काम कुठे होतंय आणि कुणाला काय शिकवायला हवं, ते दिसू लागतं.

आता आपल्याकडे बघू. गेल्या पंधरा-सोळा वर्षांत भारतीय विद्यापीठांतल्या ग्रंथालयांवर संशोधनाशी संबंधित जबाबदाऱ्या एकामागून एक येऊन पडल्या. 2009 साली विद्यापीठ अनुदान आयोगानं पीएच.डी.चे प्रबंध इलेक्ट्रॉनिक रूपात जमा करणं बंधनकारक केलं आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं ‘शोधगंगा’ हे भांडार उभं राहिलं. प्रबंध तपासून, तुकडे करून, माहिती भरून वर चढवण्याचं काम ग्रंथालयाकडे आलं. 2018 साली वाङ्मयचौर्याविषयीचे नियम आले. 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, 40 टक्क्यांपर्यंत असेल तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्ती, त्यापुढे 60 टक्क्यांपर्यंत वर्षभर बंदी आणि त्याहून जास्त असेल तर नोंदणीच रद्द. 2019च्या सप्टेंबरात ‘शोधशुद्धी’ उपक्रमातून साम्य तपासण्याचं सॉफ्टवेअर विद्यापीठांना मिळालं, आणि बहुतेक ठिकाणी ते चालवायची जबाबदारीही ग्रंथालयाचीच ठरली. त्याच वर्षाच्या शेवटी संशोधन व प्रकाशन नीतीचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना सक्तीचा झाला. त्यातला डेटाबेस आणि संशोधनाच्या मोजमापांचा भाग शिकवायला अनेकदा ग्रंथपालांनाच बोलावतात.

प्रत्येक वेळी परिपत्रक आलं, सॉफ्टवेअर आलं, लॉगिन आलं. माणसाला शिकवायचं काय, हे सर्वांत शेवटी आलं किंवा आलंच नाही.

साम्य अहवालाचंच घ्या. विद्यार्थी येतो आणि म्हणतो, “मॅडम, दहाच्या आत आणून द्या.” त्याला आकडा हवा असतो. प्रशिक्षण नसलेला कर्मचारी अहवालाची प्रिंट हातात ठेवतो. प्रशिक्षित कर्मचारी त्याला शेजारी बसवतो आणि रंगीत ओळी एकेक करून दाखवतो: ही संदर्भसूची आहे, ती वगळायची, हे अवतरणचिन्हातलं आहे, ही संस्थेच्या नावांची आणि रूढ शब्दप्रयोगांची जुळणी आहे, तिची काळजी नको, आणि हा परिच्छेद मात्र दुसऱ्याच्या प्रबंधातून जसाच्या तसा आला आहे, इथे स्रोत सांगून स्वतःच्या शब्दांत लिहावं लागेल. पहिल्या कर्मचाऱ्याकडून विद्यार्थी शब्द फिरवून आकडा खाली आणायला शिकतो, दुसऱ्याकडून संशोधन शिकतो. दोघांपुढे सॉफ्टवेअर एकच असतं.

नियतकालिकांची गोष्ट याहून गंभीर आहे, आणि तिचा पुण्याशी जवळचा संबंध आहे. आयोगानं मान्य केलेल्या नियतकालिकांच्या यादीत भरमसाट नावं घुसली होती. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात त्यातली विद्यापीठांनी सुचवलेली एक हजारांवर नियतकालिकं तपासली आणि 2018 साली ‘करंट सायन्स’मध्ये निष्कर्ष मांडले. 88 टक्क्यांहून अधिक नियतकालिकं प्राथमिक निकषांतही बसत नव्हती. कुणाचा पत्ता खोटा, कुणाचं संपादक मंडळ कागदावरचं, कुणी अनुक्रमणिकेत नोंद असल्याचा खोटा दावा केलेला. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगानं यादीतून 4,305 नावं काढली. पुढे ‘केअर’ यादी आली, तिचं काम याच विद्यापीठातून चाललं, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये आयोगानं ती यादीही बंद केल्याचं जाहीर केलं. नियतकालिक पारखण्याची जबाबदारी आता संस्थांची आहे.

यादी होती तोवर “यादीत आहे का?” एवढं बघून भागत होतं. आता लेख पाठवण्याआधी संशोधक ग्रंथालयात येऊन विचारतो, “हे जर्नल चांगलं आहे का?” त्याला उत्तर द्यायचं तर संपादकांची नावं खरी आहेत का हे बघावं लागतं, मागचे अंक उघडून वाचावे लागतात, आयएसएसएन पडताळावा लागतो, नामांकित नियतकालिकाचं नाव आणि रूप चोरून बनवलेली जुळी वेबसाइट ओळखावी लागते. हे पाठ करून येत नाही. दहा चांगली आणि दहा बनावट नियतकालिकं समोर ठेवून, प्रत्येकाचं “का?” बोलून दाखवत तासन्‌तास बसलं की हळूहळू नजर तयार होते, सराफाची होते तशी.

वाचायला मिळतं किती, हा प्रश्नही बदलला आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं ‘एक राष्ट्र एक सदस्यता’ योजनेला मंजुरी दिली. 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, जवळपास 13,000 ई-नियतकालिकं, 6,300हून अधिक सरकारी संस्था, सुमारे 1.8 कोटी विद्यार्थी, शिक्षक आणि संशोधक. गडचिरोलीच्या विद्यापीठातल्या विद्यार्थ्याला मुंबईतल्याइतकीच नियतकालिकं उघडता यावीत, ही कल्पना मोठी आहे आणि तिचं मनापासून स्वागत करायला हवं. पण 13,000 नियतकालिकांचं दार उघडणं आणि त्यातून आपल्या विषयाचे बारा लेख हुडकणं यांत जे अंतर आहे ते चालून जायला सोबत लागते. त्या सोबतीची तजवीज कुणी करायची?

आजच्या घडीला प्रशिक्षण कसं होतं? एम.लिब.च्या अभ्यासक्रमात संदर्भसेवेचा पेपर असतो. त्यात संदर्भसाधनांचे प्रकार येतात, मूल्यमापनाचे निकष येतात. समोर गोंधळलेला माणूस बसवून त्याच्याशी बोलण्याचा सराव मात्र क्वचितच होतो. नोकरीत आल्यावर उजळणी वर्ग असतात. त्यांच्याशी पदोन्नती जोडलेली असते, म्हणून उपस्थिती चांगली असते. त्याखेरीज डेटाबेस विकणाऱ्या कंपन्यांचे प्रतिनिधी येऊन तासा-दोन तासांची प्रात्यक्षिकं देतात. ती कामाची असतात, पण कुठलं बटण दाबायचं एवढंच त्यांत कळतं आणि तेही त्यांच्याच वस्तूपुरतं. या प्रश्नासाठी आमचा डेटाबेस बघूच नका, असं कुठलाही प्रतिनिधी सांगणार नाही. संशोधनसाहाय्याचं निम्मं शहाणपण तर नेमकं तेच सांगण्यात असतं.

महाराष्ट्रात 2016च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानं ग्रंथालयाला ‘ज्ञानस्रोत केंद्र’ म्हटलं आणि ग्रंथपाल त्याचे संचालक झाले. पुण्याचं जयकर, कोल्हापूरचं खर्डेकर, सगळ्यांच्या पाट्या बदलल्या. पाटीमागची भावना चांगली आहे. पण बऱ्याच ठिकाणी भरती रखडलेली आहे आणि काउंटरवर अकरा महिन्यांच्या कंत्राटावरची मुलं आहेत. उजळणी वर्गाला जातात ते कायम नोकरीतले अधिकारी. पहिला प्रश्न ज्याच्या कानावर पडतो तो सहायक किंवा परिचर या साखळीत कुठेच नसतो. प्रशिक्षणाच्या चर्चेतली सर्वांत मोठी फट ही आहे.

आणि इथे एक असा विषय येतो ज्यात बाहेरची कुठलीही प्रशिक्षणपुस्तिका आपल्या उपयोगी पडणार नाही. तो विषय म्हणजे मराठी साधनं.

मराठीतल्या संशोधनाला मदत करणाऱ्याला आधी दाते सूची माहीत हवी. शंकर गणेश दाते यांनी एकट्याच्या चिकाटीनं मराठी ग्रंथांची सूची केली. 1800 ते 1937 या काळाचा पहिला खंड 1943 साली आला, 1938 ते 1950चा दुसरा 1961 साली. जुन्या नियतकालिकांच्या सूचीचं कामही त्यांच्या नावाच्या मंडळानं पुढे नेलं. आज एखाद्या तरुण ग्रंथालय सहायकाला स्कोपस ठाऊक असतं आणि दाते सूचीचे खंड आपल्याच दालनात कुठल्या फळीवर आहेत हे ठाऊक नसतं. त्यात त्याचा दोष नाही, त्याला कुणी दाखवलेलेच नाहीत.

मग शोधण्याची अडचण. रोमन लिपीत एकच नाव किती तऱ्हांनी लिहिलं जातं, हे अनुभवल्याशिवाय कळत नाही. फुले यांचं नाव वेगवेगळ्या स्पेलिंगांखाली विखुरलेलं, गायकवाड दोन-तीन प्रकारचे, पुणे जुन्या कागदांत पूना. सूचीत एक रूप टाकून “काही नाही” म्हणून परतणाऱ्या विद्यार्थ्याला उरलेली रूपं सुचवणारा माणूस हवा. शोधगंगेत मराठी प्रबंध भरपूर आहेत, पण युनिकोड येण्याआधी किंवा आल्यानंतरही श्रीलिपी, शिवाजी अशा जुन्या फॉन्टांत टाइप झालेला मजकूर संगणकाला मराठी म्हणून ओळखू येत नाही. पडद्यावर अक्षरं सुबक दिसतात, शोधपेटीत शब्द टाकला की हाती शून्य येतं. विषयावर कुणी काम केलेलंच नाही, असं समजून विद्यार्थी सिनॉप्सिसमध्ये तसं लिहून मोकळा होतो. शीर्षकावरून, गाइडच्या नावावरून, विद्यापीठ आणि विभागाच्या यादीतून उतरत जाऊन प्रबंध कसा गाठायचा, हे एका दुपारी शिकवता येतं. साम्य तपासणारी सॉफ्टवेअरंही याच कारणानं अशा मजकुरापुढे अडतात, हे मराठी विभागांशी काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला माहीत असायलाच हवं.

इतिहासाकडे वळलं की मोडी आलीच. पेशवे दफ्तर मोडीत आहे. सगळ्यांनी मोडी शिकावी असं नाही, पण कुठला कागद कुठल्या पुराभिलेखागारात असतो, भारत इतिहास संशोधक मंडळात काय आहे, राज्याच्या पुराभिलेख विभागाचे मोडीचे वर्ग असतात, एवढी वाट ग्रंथालयातल्या माणसाला सांगता आली पाहिजे. गोव्यात पणजीचं कृष्णदास शामा ग्रंथालय 1832 पासूनचा वारसा सांगतं. तिथे आणि गोवा विद्यापीठात येणाऱ्या अभ्यासकाला पोर्तुगीज, रोमन लिपीतली कोंकणी आणि देवनागरी मराठी अशा तिन्ही साधनांतून फिरावं लागतं. तिथल्या काउंटरवरच्या प्रशिक्षणाचा नकाशा पुण्यापेक्षा वेगळाच असणार.

विज्ञान आणि वैद्यकाच्या बाजूला गरज निराळी. तिथे ‘सिस्टिमॅटिक रिव्ह्यू’ नावाची पद्धत रुजली आहे, ज्यात एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास ठरावीक शिस्तीनं गोळा करावे लागतात. कुठे शोधलं, कुठले शब्द वापरले, कुठल्या तारखेला, हे सगळं नोंदवावं लागतं. 2021 साली त्यासाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वं आली. इथे प्रशिक्षित ग्रंथपाल हा संशोधन गटाचा सदस्यच असतो आणि अनेकदा लेखावर त्याचं नावही असतं. ब्रिटनमध्ये 2012 साली संशोधन ग्रंथालयांच्या संघटनेसाठी मेरी ऑकलंड यांनी विषय ग्रंथपालांच्या कौशल्यांचा अहवाल केला. संशोधनसामग्रीचं जतन, डेटा व्यवस्थापन, निधी देणाऱ्या संस्थांच्या अटी अशा नऊ बाबतींत मोठी तूट असल्याचं त्यात निघालं. सधन विद्यापीठंही इथे चाचपडत होती, हे ध्यानात घेतलं तर आपल्याकडच्या ग्रंथपालांना उगाच बोल लावण्याचं कारण उरत नाही.

2022च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं आणि काउंटरवर नव्या तऱ्हेचा प्रश्न येऊ लागला. विद्यार्थी लेखांची यादी घेऊन येतो. लेखक खरे, नियतकालिक खरं, वर्ष पटण्यासारखं, आणि लेख कुठेच सापडत नाही, कारण तो कधी लिहिलाच गेला नव्हता. ड्यूक विद्यापीठाच्या ग्रंथालयानं 2023च्या सुरुवातीलाच याबद्दल सावध केलं होतं. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या एका खटल्यात असे कल्पित निवाडे कोर्टापुढे ठेवणाऱ्या वकिलांना 5,000 डॉलरचा दंड झाला. पूर्वी ग्रंथालयातला कर्मचारी लेख मिळाला नाही की “आपल्याकडे नाही” म्हणायचा. आता “हा लेख अस्तित्वातच नाही” असं ठामपणे सांगायची वेळ येते, आणि त्याआधी डीओआय तपासणं, त्या अंकाची अनुक्रमणिका उघडणं, पानांचे आकडे जुळतात का पाहणं, या पायऱ्या अंगवळणी पडाव्या लागतात. विद्यार्थ्याला न दुखावता हे सांगणं ही आणखी एक कला. त्यानं फसवलेलं नसतं, बहुतेकदा तो स्वतःच फसलेला असतो.

चांगलं प्रशिक्षण कसं असावं, याचं उत्तर या साऱ्या अनुभवातून बरंचसं मिळतं. ते खऱ्या प्रश्नांवर उभं असावं. काउंटरवर एक वही ठेवावी. कुणाचं नाव न लिहिता आलेला प्रश्न, खरा निघालेला प्रश्न आणि सापडलेली वाट एवढं तीन रकान्यांत टिपावं. नाव न लिहिणं महत्त्वाचं आहे, कारण संशोधकाचा विषय ही त्याची ठेव असते आणि ती गावभर व्हायला नको. आठवड्यातून एकदा तासभर सगळ्यांनी, परिचरांपासून संचालकांपर्यंत, ती वही उघडून बसावं. नव्या माणसानं महिनाभर अनुभवी माणसाशेजारी बसून नुसतं ऐकावं. एकानं वाचक व्हावं, दुसऱ्यानं ग्रंथपाल, तिसऱ्यानं बघावं. कुठे थांबायचं तेही शिकवावं. संदर्भ शोधून देणं, शोधायला शिकवणं, सूची नीट करायला मदत करणं ही मदत झाली. प्रकरण लिहून देणं ही मदत नाही, आणि पैसे देऊन प्रबंध लिहून घेण्याचा बाजार मोठा असताना ही रेघ कर्मचाऱ्याच्या मनात स्पष्ट असायला हवी.

यातल्या बहुतेक गोष्टींना वेगळं अनुदान लागत नाही. लागतो तो वेळ, आणि काउंटरवर एकच माणूस असेल तर तोच नसतो. म्हणून प्रशिक्षणाची मागणी करताना रिक्त जागांची मागणी बाजूला ठेवता येत नाही. कंत्राटावरच्या मुलीनं वर्षभरात मराठी नियतकालिकांची वाट शिकून घ्यावी आणि बाराव्या महिन्यात तिच्या जागी नवं कुणी यावं, असं चालू राहिलं तर विद्यापीठ दरवर्षी पहिल्या पानावरूनच सुरुवात करत राहील.

जवळपास प्रत्येक जुन्या विद्यापीठ ग्रंथालयात एखादा ज्येष्ठ परिचर असतो. तळघरातल्या बांधणी न झालेल्या अंकांचे गठ्ठे कुठे आहेत, एखाद्या मासिकाचं कुठलं वर्ष मधूनच तुटलं आहे, देणगीतून आलेल्या कुठल्या संग्रहाची नोंद अजून संगणकावर चढलेली नाही, हे त्याच्याखेरीज कुणाला ठाऊक नसतं. त्याच्या निवृत्तीला दीड-दोन वर्षं उरलेली असतात. त्याच्याबरोबर एका तरुण सहायकाला वही देऊन रोज दुपारी तासभर तळघरात पाठवणं, हे प्रशिक्षण या आठवड्यातही सुरू करता येईल.